सोलापुरात पाऊस इतका कमी, तरी जुन्या गाडीचे दरवाजे गंजतात कसे? घरच्या घरी दुरुस्ती होईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००४ ची मारुती ८०० आहे, पुढच्या दोन्ही दरवाजांच्या खालच्या कडेला रंग फुगलाय, डेंटर म्हणतो "लांबी (म्हणजे पुट्टी) भरून देतो, नव्यासारखी दिसेल". आणि तुमचं कोडं असं की सोलापुरात पाऊस तो किती, मग गंज येतो कुठून?

मी मेकॅनिक नाही. एमएच-१३ पासिंगची १९९९ ची झेन अजून चालवतो, आणि तिच्या चारही दरवाजांवर सगळ्या चुका करून झाल्या आहेत, एवढीच माझी लायकी.

पाऊस कमी हे खरं, पण गाडीला पाणी काय फक्त पावसाचंच लागतं का? नळाला रोज पाणी नाही, म्हणून आपण गाडी धुतो ती बोअरच्या पाण्यानं. ते किती जड असतं हे काचेवर वाळलेल्या पांढऱ्या डागांवरून कळतंच. हे पाणी काचेवरून ओघळतं आणि काचेलगतच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून सरळ दरवाजाच्या पोटात उतरतं. पट्टी नवी असली तरी थोडं उतरतंच, म्हणून कंपनीनं दरवाजाच्या अगदी तळाशी निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. आपल्या उन्हाळ्यात ते रबर वाळून तडकतं आणि मग थोड्याचं भरपूर होतं.

आता त्यात आपली काळी माती घाला. खेड्यातल्या रस्त्याचा फुफाटा आणि दारातल्या लिंबाचा पाला त्याच फटीतून आत पडतो, तळाशी त्याचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. काळी माती ओल किती दिवस धरते हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला सांगायला नको. वर ४२ अंश ऊन असलं तरी दरवाजाच्या तळात ओला गाळ असतो, आणि त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर मुडपून बसवलेला असतो. गंज त्या घडीत सुरू होतो, बाहेर नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. तुम्हाला दिसतोय तो फुगवटा म्हणजे आतलं काम बरंच पुढं गेल्याची खूण आहे.

माझी पहिली चूक इथंच झाली. दरवाजातून पाणी ठिबकतंय हे बघून मला वाटलं, याच भोकांतून पाणी आत शिरत असणार. मी हुशारी करून ती एम-सीलनं बुजवली. पुढच्या पावसाळ्यानंतर दरवाजा हलवला की आत डुबुक डुबुक वाजायचं. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "ओ मालक, भोकं कशाला बुजवलाव? आता मासे सोडा आत." दुसरी चूक एका गॅरेजात झाली. गंजावरच लांबी भरून, वर रंग मारून घेतला. लांबी ओल शोषते, त्यामुळं खाली गंज सुखानं वाढत राहतो. एका वर्षात सगळं पापुद्र्यासारखं सुटलं. तेव्हा डेंटरला आधी विचारा, "पत्रा पांढरा होईपर्यंत घासणार का?" तो टाळाटाळ करायला लागला तर तिथून निघा.

सुरुवात तपासणीनं करा. आधी कुणी लांबी भरली आहे का हे बघायला पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथं ते सैल पडेल तिथं खाली लांबी आहे. मग फुगवट्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं नेटानं दाबा. पत्रा टणक लागला तर काम घरी होईल. टोक आत घुसलं तर पत्रा सडलाय, तिथं कटिंग करून नवा तुकडा बसवण्याशिवाय इलाज नाही. फायबर नाहीतर लांबीनं भोक झाकणं म्हणजे नुसती मलमपट्टी.

टणक असेल तर आधी आतलं बघा. दरवाजाचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढायचं. काच फिरवायच्या हँडलची क्लिप त्रास देते. हँडलच्या मागं कापडाची पट्टी घालून बूट चमकवतात तशी दोन्ही टोकांनी ओढा, क्लिप सुटते. दुसरा हात आडवा धरा, ती टुणकन उडते आणि परत सापडत नाही. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, तो परत चिकटवायचाय. तो नसला तर पॅडचा पुठ्ठा भिजतो. तळातला गाळ खरवडून काढा, भोकांतून तार घाला, मग नळाच्या पाण्यानं धुऊन दरवाजा उघडा ठेवा आणि दिवसभर उन्हात वाळू द्या. माझ्या एका दरवाजातून ओंजळभर माती निघाली होती.

मग बाहेरची बाजू. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा. फुगवट्याच्या कडेनं दोन-तीन बोटं पुढंपर्यंत घासायचं, कारण रंगाखाली गंज दिसतो त्याच्या पुढं सरकलेला असतो. तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा हवाच. खड्ड्यांत काळे ठिपके राहतात, ते ब्रशनं निघत नाहीत. त्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा आणि धुवायचं की नाही, किती वेळ ठेवायचं, हे बाटलीवर लिहिलंय तसंच करा. ते फक्त ठिपक्यांसाठी आहे. सुटणाऱ्या गंजावर ओतलं तर वरचा थर बदलतो, खाली गंज तसाच.

त्यानंतर थिनरनं पुसायचं, पत्र्याला हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी पुन्हा तांबूस. प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी घ्या. रंगाआधी मारतात तो साधा सरफेसर ओल आत जाऊ देतो, तो एकटा पुरत नाही. लांबी लागलीच तर इपॉक्सीवर, पातळ. मग ४०० नंबरनं घासून रंग आणि वर क्लिअर कोट. हे काम एप्रिल-मे मध्ये काढू नका, थिनर हवेतच उडतो, रंग खरखरीत बसतो आणि वरून धूळ. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की थंडीतली एखादी कोरडी सकाळ बघा.

रंग पूर्ण वाळल्यावर, आधी नाही, दरवाजाच्या आत लांब नळीनं कॅविटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, मुडपलेल्या कडेत नीट जाईल असं. आधी मारलं तर ते फटीतून झिरपून रंगाखाली येतं आणि रंग धरत नाही. बरेच जण जळकं इंजिन ऑइल ओतायला सांगतात. मी ते करत नाही. त्यात आम्लं असतात, रबर फुगतं आणि उन्हात गाडीभर वास. वॅक्स मारून झालं की भोकं पुन्हा तारेनं मोकळी करा, वॅक्सनंही ती बुजतात.

आणि काचेलगतच्या रबरी पट्ट्या बदला. स्वस्त काम आहे आणि सगळे तेच विसरतात. गाडी धुतल्यावर लगेच कव्हर किंवा जुनी चादर टाकू नका, आपली सोलापुरी चादर पाणी धरून बसते. मी ती गाडीखाली आडवं पडायला वापरतो.

पत्रा सडलेलाच निघाला तर २२ गेजचा तुकडा सीओटू वेल्डिंगनं थोडा थोडा टाका मारत बसवून घ्या. गॅस वेल्डिंगनं पत्रा तापून लहरतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा. कडेची घडी दोन वीत सडून गेली असेल तर जुना दरवाजा घेणं परवडेल, पण विक्रेता दाखवतो ती रंगाची बाजू बघू नका. दरवाजा उलटा करून खालची घडी बोटानं चाचपा आणि हलवून कान लावा. आत खुळखुळ वाजली तर ती सुटलेल्या गंजाची आहे, तो दरवाजा तिथंच ठेवा.