वाळवीसाठी 27 हजारांचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न: ठाण्यात तळमजल्यावर आमचा 2 बीएचके फ्लॅट आहे. बेडरूमच्या दरवाजाच्या चौकटीला आणि भिंतीतल्या कपाटामागे वाळवी लागली आहे. ओळखीचा एक जण साडेतीन हजारांत फवारणी करून देतो, पण बिल देत नाही. दुसरी कंपनी 12,000 अधिक जीएसटी घेऊन ड्रिल करून औषध भरणार आणि 5 वर्षांची वॉरंटी देणार. तिसरीचं 3 वर्षांचं पॅकेज 27,000 अधिक जीएसटी. त्यात वाळवी, झुरळं, ढेकूण, मुंग्या सगळं येतं. पैसे 12 महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांत भरता येतात, एकरकमी भरले तर 10 टक्के सूट. कपाट आणि किचन ट्रॉल्यांना पावणेदोन लाख गेले आहेत. काय निवडावं?

उत्तर: दुसरी कंपनी. पण होकार देण्याआधी तिच्याकडून काही गोष्टी लेखी घ्या.

आधी हिशेब. 18 टक्के जीएसटी धरून दुसरीचे 14,160 रुपये होतात, म्हणजे वॉरंटीच्या दर वर्षाला 2,832. तिसरीचे 31,860, म्हणजे वर्षाला 10,620. मधला फरक जातो झुरळं, ढेकूण आणि मुंग्यांवर, आणि त्यांची तुम्ही तक्रारही केलेली नाही. 'नो कॉस्ट' हप्त्यांचंही तसंच. एकरकमी 24,300 ला मिळणारी वस्तू महिना 2,250 भरून 27,000 ला घेतली, तर व्याजदर वर्षाला सुमारे 20 टक्के पडतो. व्याज वेगळं दाखवलेलं नाही, एवढंच.

उद्या झुरळं झालीच तर तेव्हा जेल ट्रीटमेंट वेगळी घ्या. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाच्या मादीजवळच्या एका अंडकोशात 30 ते 40 अंडी असतात आणि त्यांवर औषध पोचत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. ढेकणाची अंडी साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात, तिथे दुसरी फेरी पंधरवड्यात हवी. पॅकेजमधली 'दर तीन महिन्यांनी एक व्हिजिट' किड्याच्या चक्राला धरून नसते, ती कंपनीच्या वेळापत्रकाला सोयीची असते.

साडेतीन हजारांची फवारणी सगळ्यात महाग पडेल. वाळवी चौकटीत फक्त खायला येते, तिचं घर जमिनीत असतं. वरून फवारलं की दिसणाऱ्या मरतात, वाळवी ज्यातून ये-जा करते त्या मातीच्या नळ्या गळून पडतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच वाळवी ट्रॉलीच्या मागे निघते. शिवाय बिल नाही, तर उद्या विचारायचं कोणाला? अशा फवारणीत कुठलं औषध आहे, तेही विचारा. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. ढेकूण-उंदरांसाठी कोणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काढल्या तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यांतून सुटणारा फॉस्फीन वायू माणसाचा जीव घेतो.

आता दुसऱ्या कंपनीकडे. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला कीटकनाशक नियम 1971 नुसार कृषी खात्याचा परवाना लागतो. त्याची प्रत मागा आणि मुदत बघा. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून नाव जुळतं का, तेही पाहा. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली कंपनी दहा वर्षांची वॉरंटी देत असेल, तर त्या कागदाला फार किंमत देऊ नका.

खरी तपासणी मात्र लिटरमध्ये होते. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक आयएस 6313 च्या तिसऱ्या भागाची पद्धत अशी: भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवर सुमारे 30 सेंटिमीटर अंतराने 12 मिलिमीटरची भोकं पाडायची, प्रत्येकात औषध जिरेनासं होईपर्यंत, जास्तीत जास्त एक लिटर, भरायचं आणि भोकं बुजवायची. तुमच्या घरात अशी रेषा 55 मीटर निघाली, तर भोकं होतात 183 च्या आसपास, म्हणजे द्रावण 180 लिटरपर्यंत. इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी (वाळवीचं 30.5 टक्के तीव्रतेचं द्रव औषध) वापरलं तर लिटरला 2.1 मिली या हिशेबाने मूळ औषध साधारण 380 मिली. जमीन घट्ट असेल तर थोडं कमी जिरेल. पण माणूस एक पाठीवरचा पंप आणि 100 मिलीची बाटली घेऊन आला, तर 12,000 कशाचे द्यायचे? कोटेशनवर भोकांची संख्या, औषधाचं नाव, टक्केवारी आणि मात्रा लिहून घ्या. बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा.

ड्रिल फरशीच्या सांध्यात किंवा स्कर्टिंगलगत घ्यायला सांगा, नाहीतर व्हिट्रिफाइड टाइल तडकते. कन्सील्ड पाइप आणि वायर कुठून गेल्या आहेत ते खडूने आधी आखून द्या. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग फुटेल, तिथे भोक नको. भिंतीत ओल असेल तर प्लंबर आधी आणा. ओल राहिली तर वाळवी परत येते आणि कंपनी वॉरंटीतून हात झटकते.

वॉरंटीचा अर्थ बहुतेक कंपन्यांत 'पुन्हा ट्रीटमेंट मोफत' एवढाच असतो. खाल्लेल्या कपाटाचे पैसे कोणी देत नाही. भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीतल्या जोखमींतही वाळवी नाही. त्यामुळे ते पावणेदोन लाख तुमच्या खिशाच्या भरवशावर आहेत. वर्षाची तपासणी चुकली किंवा फरशी बदलली तर वॉरंटी रद्द, असं कलम आहे का ते वाचा. पैसे 70 टक्के काम झाल्यावर आणि 30 टक्के महिन्याभराने तपासणी झाल्यावर, असं ठरवून पाहा. कामाची खात्री असलेला सहसा अडून बसत नाही.

आणखी एक. तुम्ही तळमजल्यावर आहात, म्हणजे वाळवी इमारतीच्या बाहेरच्या कडेने येत असण्याची शक्यता मोठी. तो भाग सोसायटीचा. कमिटीला पत्र द्या, बाहेरच्या कडेचं औषध सोसायटीच्या खर्चातून मागा आणि औषध पाण्यात उतरू नये म्हणून भूमिगत पाण्याची टाकी कुठे आहे ते कंपनीला आधी सांगा. शेजारचा तळमजलाही तयार झाला तर दर खाली येईल.

सुताराला मात्र आत्ता बोलावू नका. तपासणी होईपर्यंत मातीच्या नळ्याही मोडू नका, त्यावरूनच वाट कळते. चौकट ट्रीटमेंटनंतर महिन्याभराने, हालचाल थांबल्याचं पाहून बदला.