तरुणांच्या वागणुकीवरील आर्थिक संशोधनाचा सरकारी धोरणाला खरोखर उपयोग होतो का?

तरुण मुले कशी वागतात, समाधानी असतात की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञ एवढे संशोधन करतात, पण त्यामुळे सरकारी योजनांमध्ये काही फरक पडतो का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या मते उपयोग होतो, आणि सगळ्यात मोठा उपयोग हा, की योजनेचे फळ नेमके कुठे शोधायचे ते त्यातून कळते.

मूळ अडचण तुलनेची आहे. एखाद्या प्रशिक्षणाला जी मुले आपणहून येतात ती बहुधा आधीपासूनच धडपडी असतात. पुढे त्यांचे बरे झाले, तर ते प्रशिक्षणामुळे की त्यांच्या धडपडीमुळे, हे सांगता येत नाही. जागा थोड्या आणि अर्ज भरपूर असताना सोडत काढली, तर नाव लागलेली आणि नाव हुकलेली मुले सर्वसाधारणपणे सारखीच असतात, आणि मग पुढे दिसणारा फरक योजनेचाच मानता येतो.

शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात असेच केले गेले. हिंसाचाराने पोळलेल्या वस्त्यांमधल्या १३ शाळांतील १,६३४ मुलामुलींपैकी काहींना सोडतीने ८ आठवड्यांचे, किमान वेतनाचे अर्धवेळ काम मिळाले. सॅरा हेलर यांच्या अभ्यासानुसार पुढच्या १६ महिन्यांत या गटात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. मुले कामात गुंतली म्हणून भांडणापासून लांब राहिली, असे कोणीही म्हणेल. पण ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांतली होती. मला हा या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण हाताला काम मिळाल्याने माणसाच्या वागण्यात जे बदलते, ते काम सुटल्यावरही टिकू शकते.

न्यूयॉर्कमधील अशाच योजनेच्या २००५ ते २००८ या वर्षांतल्या सोडतींचा अभ्यास गेल्बर, आयझन आणि केसलर यांनी केला. अर्जदार जवळपास तीन लाख होते. महाविद्यालयीन प्रवेश वाढले नाहीत, नंतरच्या तीन वर्षांतली कमाई तर किंचित घटलीच. मात्र तुरुंगात जाण्याचे आणि अकाली मृत्यूचे प्रमाण कमी झाले. केवळ पगाराचे आकडे पाहिले असते, तर मुलांचे जीव वाचवणारी योजना वाया गेली असाच शेरा बसला असता.

आता आपल्याकडचे पाहा. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. माझी एक विद्यार्थिनी तीत होती. तिची आई विड्या वळते, आणि बारावीच्या वर्षी ही मुलगी पहाटे भिजवलेली तेंदूपाने कात्रीने कापून देऊन मगच कॉलेजला येत असे. पहिल्या तासाला तिच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा. एका कार्यालयात तिने आवक-जावक नोंदवही सांभाळली, पण मुदत संपल्यावर कायम नोकरी मिळाली नाही, आणि ती घरी बसली तेव्हा मलाही फार वाईट वाटले. ही निराशा खरी आहे, ती झाकू नये. प्रशिक्षणानंतर काय, याचे उत्तर मुलांना पहिल्याच दिवशी मिळायला हवे.

पण तिची नोंद फक्त 'नोकरी नाही' एवढीच व्हावी, हे मला पटत नाही. तिने बहिःस्थ पदवीचा अर्ज स्वतः भरला, घरात आलेले स्थळ तूर्त नको असे वडिलांना स्पष्ट सांगितले, आणि गल्लीतल्या विडी कामगार बायका आता बँकेची, कल्याण योजनांची कागदपत्रे घेऊन तिच्याकडे येतात. एका मुलीवरून योजना पारखता येत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच अर्ज जागांपेक्षा जास्त असतील तिथे सोडत काढावी, आणि निवडलेल्या व न निवडलेल्या दोन्ही गटांतील मुलांना दोन वर्षांनी पुन्हा गाठून नोकरीबरोबरच शिक्षण, लग्नाचे वय, कर्ज, व्यसन आणि झोप यांविषयीही विचारावे, असे मला वाटते.