कॅपच्या वर गेलेली टीम मार्चमध्ये महागडा खेळाडू घेते कशी?

तुमची टीम कॅपच्या ३ कोटी डॉलर वर आहे, तरी फ्री एजन्सीत (करार संपलेले खेळाडू घ्यायच्या काळात) मोठे खेळाडू घेणार म्हणते, मग एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, सॅलरी कॅप (टीमच्या वर्षाच्या पगारखर्चावरची मर्यादा) नुसती नावाला आहे का, असं तुम्ही विचारलंय. पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणायचो.

खेळाडूच्या हातात पडणारी रोकड वेगळी आणि कॅपच्या वहीत लागणारा आकडा वेगळा, इथे सगळी गोम आहे. पगार ज्या वर्षीचा त्याच वर्षी वहीत लागतो. सायनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम) आज रोख दिला तरी कराराच्या उरलेल्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच, समान वाटून लागतो.

समजा यंदाचा पगार २ कोटी, कराराची ४ वर्षं बाकी. टीम म्हणते, पगार २० लाखच राहू दे, १ कोटी ८० लाख आत्ता बोनस म्हणून घे. शेवटी एक व्हॉइड वर्ष जोडायचं, ज्यात तो खेळणारच नाही, ते फक्त हप्ता टाकायला. झाली ५ वर्षं, हप्ता ३६ लाखांचा. यंदा वहीत ५६ लाख लागले, १ कोटी ४४ लाख मोकळे झाले. खेळाडूचं काहीच जात नाही, उलट पैसे आधी मिळतात. नुसता पगाराचा बोनस करायला बऱ्याच करारांत तर त्याला विचारावंही लागत नाही. कराराच्या या फेरमांडणीला रिस्ट्रक्चर म्हणतात. अशी दोन-तीन केली की तुमचे ३ कोटी निघाले.

आता दोन वर्षांनी त्याचा गुडघा गेला आणि टीमने त्याला सोडलं, तर उरलेले तीन हप्ते, १ कोटी ८ लाख, एकदम अंगावर येतात. हाच तो डेड मनी. १ जूननंतर सोडल्याचं दाखवलं तर त्या वर्षी ३६ लाख, बाकीचे पुढच्या वर्षी. डेन्व्हरच्या टीमने मार्च २०२४ मध्ये आपला क्वार्टरबॅक (चाली चालवणारा, टीममधला सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू) रसेल विल्सनला सोडलं तेव्हा साडेआठ कोटींचा डेड मनी असाच दोन वर्षांत वाटला. तरी त्याच हंगामात ते प्लेऑफला (बाद फेरीला) गेले, कारण नवा क्वार्टरबॅक बो निक्स नवखा, म्हणजे स्वस्त होता. हे दर वेळी जमत नाही.

कॅप दरवर्षी वाढते (२०२३ मध्ये २२.४८ कोटी, २०२५ मध्ये २७.९२), म्हणून जुना हप्ता हलका वाटत जातो. पण कोविडनंतर २०२१ मध्ये ती १९.८२ वरून १८.२५ वर घसरली. सेंट्स या टीमची आधीच क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजपायी उधारी झालेली, तो त्याच वर्षी मार्चमध्ये निवृत्त झाला, आणि पुढची काही वर्षं ते मार्च आला की नुसते आकडे सरकवत बसले.

माझं मत विचाराल तर २६ वर्षांच्या क्वार्टरबॅकचा करार खुशाल रिस्ट्रक्चर करावा. वयाची बत्तीस ओलांडलेल्या कॉर्नरबॅकचा (वेगावर जगणाऱ्या बचावपटूचा) केला, तर जनरल मॅनेजरला स्वतःची नोकरी वाचवायची आहे असं समजा.

आणखी एक. हंगाम सुरू होईपर्यंत कॅपमध्ये सगळ्यात महागडे ५१ खेळाडूच मोजतात, तेव्हा साइटवर दिसणारा आकडा नेमका कसला ते तपासा. मार्चमध्ये नव्या खेळाडूंशी बोलणी सोमवारी रात्री आपल्या साडेनऊला सुरू होतात, सह्या बुधवारची मध्यरात्र उलटून दीडला. टीमला कॅपखाली यायचं असतं ते त्या दीडपर्यंत. त्या दोन दिवसांत नवा कोण येतोय यापेक्षा जुन्यांपैकी कुणाचा करार रिस्ट्रक्चर होतोय ते बघत बसा.