तक्रार तिची, साक्ष तुमची

शहरात भेदभावाविरुद्ध काही करू पाहणाऱ्या तरुण वाचकांच्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. एक पत्र आईचं आहे.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंग करते. माझी रूममेट नागालँडची आहे. मेसच्या दारात दोन मुलं तिला रोज 'चिंकी' म्हणून चिडवतात, मागे येतात. चौकीत गेलो तर 'कशाला वाढवता' म्हणून परत पाठवलं. आम्ही मैत्रिणी पोस्टर मोहीम काढतोय. उपयोग होईल?

मोहीम काढा, पण त्याआधी तिला एकटीला बसवून विचारा की तिला काय हवं आहे. तिला तक्रार करायची असेल तर पोस्टरच्या आधी तक्रार.

चिडवण्यावर गोष्ट थांबत नाही, हे आपण पाहिलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. ईशान्येकडची मुलंमुली रस्त्यावर उतरली, तेव्हा केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. वंशावरून हिणवण्याविरुद्ध फौजदारी कायद्यात नवी कलमं घाला, अशी समितीची शिफारस होती. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आली नाहीत. याचा मला अजून राग येतो.

तरी हात रिकामे नाहीत. नागा जमाती नागालँडमध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, म्हणजे १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा तिच्या बाजूने उभा राहू शकतो. 'तुमचा दाखला तिकडचा, इथे चालत नाही' असं कुणी म्हणालं तर सांगा : हे संरक्षण फक्त आपल्या राज्यापुरतं नाही, ते देशभर मिळतं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिला आहे. मात्र ती जमातीची आहे म्हणून, मुद्दाम आणि लोकांच्या देखत अपमान झाला, हे दाखवावं लागतं. इथे तुमची गरज आहे. मेसच्या दारात तुम्ही होतात, तुम्ही ऐकलंत. तारीख, वेळ, नेमके शब्द, सोबत कोण होतं, हे प्रत्येकीने त्याच दिवशी आपापल्या वहीत लिहावं. एकमेकींचं बघून लिहू नका. उलटतपासणीत तेच पहिलं उघडं पडतं.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. हद्दीचं कारण सांगून दखलपात्र (म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा) गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तरीही नोंद झाली नाही तर तीच तक्रार पोस्टाने उपायुक्तांकडे, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हेही लक्षात ठेवा. मैत्रीण यादीतल्या जमातीची नसेल (मणिपूरचे मैतेई नाहीत), तर पाठलाग आणि स्त्रीचा अपमान ही न्याय संहितेतली कलमं आहेतच.

प्रश्न : ठाण्यात घर शोधताना माझ्या मुस्लिम मित्राला एजंट म्हणाला, फ्लॅट गेला. दुसऱ्या दिवशी मला तोच फ्लॅट दाखवला. आम्हा पाच मित्रांना यावर काही करायचंय.

नकळत तुम्ही जे केलंत, ती भेदभाव पकडायची जुनी रीत आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. तो पाळला जातो का हे तपासायला एक काळी आणि एक गोरी व्यक्ती भाडेकरू म्हणून त्याच दारात पाठवली जाई. खोटी माहिती मिळालेल्या अशा काळ्या व्यक्तीला स्वतः दावा लावता येतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केलं. दिल्लीच्या परिसरात सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांची अशीच पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले : दलितांना नकार मिळत होता आणि मुस्लिमांना सर्वांत जास्त.

तुम्हीही नीट करा. पगार सारखा, विचारणा त्याच दिवशी, बोलणं तेच, फरक फक्त नावाचा. प्रत्येक फोनची नोंद ठेवा. घरमालकांची नावं समाजमाध्यमांवर टाकू नका, अब्रुनुकसानीच्या दाव्यात सगळं काम बुडेल.

कायद्याबाबत मात्र खोटी आशा लावणार नाही. राज्यघटनेचं १५ वं कलम दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांची दारं सर्वांना उघडी करतं. खासगी भाडेकराराला थेट हात घालणारा सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. म्हणून तुमच्या नोंदी कोर्टापेक्षा आमदारांच्या टेबलावर जास्त उपयोगी पडतील. जाताना मित्राला पुढे बसवा.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला शिकते. जातिभेदाविरुद्धच्या कायद्याचा विषय निघाला की आमच्या ओळखीतले मराठी लोक म्हणतात, इथे जात आणूच नका. मी स्वतः सवर्ण आहे. मी बोलावं का?

बोलावं, आणि याच लोकांशी बोलावं. सभेतला माईक दलित विद्यार्थ्यांकडे राहू द्या. घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांना कुणी बोलावत नाही, तिथे तुम्ही आहात.

जात आणली कुणी, याचं उत्तर जातीवरून नकार मिळालेल्यांच्या अनुभवात आहे. विद्यार्थ्यांनी लावून धरल्यामुळे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आपल्या २३ कॅम्पसच्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदावर शहरापुरती बंदी घातली. कॅलिफोर्नियाचं असंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी फेटाळलं. त्यांचं कारण वाचा : असा भेदभाव आधीच्या कायद्यांनी निषिद्धच आहे. म्हणजे तक्रारीचा रस्ता बंद झालेला नाही.

तुमच्यापासून तासाभरावर ओकलंड आहे. १९६६ मध्ये तिथे ब्लॅक पँथर ही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी राहिली आणि तिच्यावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी दलित पँथर काढली. हा धागा तुमच्या ओळखीतल्यांना जरूर सांगा.

प्रश्न : मुलगा मोर्चांना जातो. केस झाली तर पासपोर्ट मिळेल का?

ताई, नि:शस्त्र, शांततेने जमणं हा त्याचा घटनादत्त हक्क आहे. जाण्याआधी पोलिसांची परवानगी आहे ना आणि जमावबंदी नाही ना, एवढं त्याने आयोजकांना विचारावं. पासपोर्ट कायद्यात अडचण येते ती फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर, आणि तेव्हाही न्यायालयाच्या परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. अटक झालीच तर कारण सांगणं आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. एका वकिलाचा नंबर त्याने कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण फोन काढून घेतला जाऊ शकतो.