दोन्ही कॉलेजं मोठी, मग निवडायचं कसं? ॲडमिशनचे तुमचे प्रश्न

जून-जुलै आला की सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात सकाळपासून रांग असते आणि फोन रात्री अकरापर्यंत वाजत राहतो. यंदा 'कुठं नंबर लागेल' विचारणाऱ्यांपेक्षा 'दोन्हीकडं लागतोय, आता काय करू' विचारणारे जास्त आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे, पण घरात खरी वादावादी अशा वेळीच होते, कारण दोन्ही नावं मोठी असली की मामा, शेजारी, क्लासचे सर सगळ्यांची मतं येतात आणि ज्याला तिथं चार वर्षं राहायचंय त्याला मात्र कुणी विचारत नाही. त्यातले पाच प्रश्न घेतोय, नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

मिरजेचा विद्यार्थी: सर, सीईटीचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. गेल्या वर्षीच्या कटऑफवरून सांगलीच्या वालचंदला कॉम्प्युटर आणि पुण्याच्या सीओईपीला मेकॅनिकल, दोन्ही मिळेल असं दिसतंय. वर कुठलं टाकू? पप्पा म्हणतात कॉम्प्युटर सोडू नको, मित्र म्हणतात सीओईपी म्हणजे सीओईपी. मी काकांच्या गॅरेजमध्ये असतो, बुलेटचं इंजिन दोनदा खोलून बसवलंय. कोडिंग अकरावीत थोडं केलं होतं.

तुझा मेसेज मी दोनदा वाचला. गॅरेजचं लिहिताना तू बुलेट, इंजिन, दोनदा असं सगळं लिहिलंस आणि कोडिंगवर नुसतं 'थोडं केलं होतं'. कॉलेजचं नाव बाजूला ठेव आणि आधी ब्रँच ठरव. कारण चार वर्षं रोज सकाळी तुला त्या विषयासमोर बसायचंय, नावासमोर नाही. मला तरी तू मेकॅनिकलचा पोरगा वाटतोस.

आता सीओईपीच का? १८५४ पासूनचं कॉलेज आहे, २०२२ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं, पण तुझ्यासाठी महत्त्वाचं हे की आजूबाजूला चाकण, पिंपरी-चिंचवडचे गाड्यांचे कारखाने आहेत आणि पोरं क्लबात स्वतः गाड्या बनवतात. उलट तुला घर सोडायचं नसेल, सांगलीतच राहायचं असेल, तर वालचंदलाही मेकॅनिकल आहे. १९४७ चं कॉलेज, ते काय कमी नाही. हा पर्याय तू मोजलाच नाहीस.

फॉर्म भरताना एक लक्षात ठेव. 'एवढं मार्कात बसतंय म्हणून वर' असं करू नको, मनात जो क्रम आहे तोच कागदावर ठेव, कारण सिस्टिम वरून खाली बघत येते आणि जिथं मेरिट बसतं तिथं थांबते. आणि 'पुढं ब्रँच बदलून घेऊ' ह्या आशेवर तर कुठंच ॲडमिशन घेऊ नको, त्या जागा मोजक्या असतात आणि पहिल्या वर्षाचे मार्क बघून मिळतात.

तासगावचे एक पालक: मुलाला एनआयटी सुरतकलला केमिकल मिळालंय आणि आयसर पुण्याला पण लिस्टमध्ये नाव आहे. तो आयसरच म्हणतोय. आम्ही द्राक्षवाले माणसं, आयसर काय ते गावात कुणाला माहीत नाही. एनआयटी म्हटलं की लोक ओळखतात. काय करावं?

दादा, तुमची काळजी खरी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आयसर पुणे २००६ मध्ये सुरू झालं, केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे, पाषाणला एनसीएल ह्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या शेजारीच. तिथं इंजिनिअर होत नाहीत, तिथं शास्त्रज्ञ तयार करतात. पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स, सुरुवातीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित सगळ्यांना सगळं शिकायला लागतं, मग विषय निवडायचा आणि शेवटचं वर्ष प्रोजेक्टमध्ये, म्हणजे खऱ्या संशोधनात जातं. त्यानंतर बरीच पोरं पीएचडीला जातात. म्हणजे आजपासून दहा वर्षांचा हिशोब धरा आणि मोठा पगार उशिरा येणार हेही धरा. कर्ज असेल, धाकटीचं शिक्षण असेल, तर ते मुलासमोर उघड बोला, त्याच्यापासून लपवू नका. सुरतकलहून चार वर्षांत नोकरी लागण्याची वाट सरळ आहे, हे मी नाकारत नाही.

पण मुलगा कसा आहे ते बघा. मागच्या वर्षी मी असाच एक पोरगा घेऊन एका संस्थेत गेलो होतो, बुधवारी, मुद्दाम साधा दिवस बघून. कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी संशोधनाचं पोस्टर लावलेलं होतं, कडेचा चिकटपट्टीचा तुकडा सुटून पोस्टर वळलेलं. पोरानं तो कोपरा एका हातानं भिंतीला दाबून धरला आणि वीस मिनिटं उभ्यानं वाचत राहिला. वडील दोनदा म्हणाले, चल, जेवायला उशीर होतोय. तो हो म्हणायचा आणि परत वाचायचा. खाली उतरताना वडीलच मला म्हणाले, कळलं सर. तुमच्या मुलाला असंच एका साध्या दिवशी पाषाणला न्या. मेसमध्ये जेवा, लायब्ररीत बसा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही लांब चहा घ्या.

माझ्या घरचं सांगतो. माझ्या मुलीला मीच एका मोठ्या नावाच्या कॉलेजात घातलं, तिला दुसरीकडं जायचं होतं. गावात पेढे वाटले. रोज रात्री तिचा फोन यायचा, 'पप्पा, जेवलात का' एवढंच विचारायची आणि गप्प बसायची. दीड वर्ष मला त्याचा अर्थ कळला नाही. मग ती परत आली, दुसरीकडं पहिल्यापासून शिकली, आता बरी आहे. तेव्हापासून नाव ऐकून सल्ला द्यायचं मी बंद केलं.

आणि दादा, लोक ओळखत नाहीत म्हणता, तर लोक चार दिवस विचारतील आणि मग द्राक्षाच्या भावाकडं वळतील. एक मात्र करा, एनआयटीची सीट सोडायची ठरली तर जोसामध्ये, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश फेऱ्यांत, विड्रॉ करायची शेवटची तारीख असते, ती आजच कॅलेंडरवर लिहा, चुकली तर भरलेले पैसे अडकतात.

वाळव्याकडच्या एक ताई: मुलीसाठी एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीतला नंबर बघून कॉलेज निवडतोय. एक सरकारी आहे पण नंबर खाली, एक अभिमत विद्यापीठ आहे, नंबर वर. वर असलेलं घ्यावं ना?

ताई, तो नंबर वाईट नाही, पण त्यात काय मोजतात ते बघा. इंजिनिअरिंगच्या यादीत शिकवण्याची साधनं ३०, संशोधन ३०, मुलांचे निकाल-नोकऱ्या वगैरे २०, बाहेरची मुलं-मुली किती येतात अशा गोष्टींना १० आणि लोकांत नाव किती ह्याला १०. तुमची मुलगी तिथं रमेल का हे त्यात कुठंच नाही.

पैशाचंही बघा. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असेल, तर २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून, व्यावसायिक कोर्सला गेलेल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. खासगी अभिमत विद्यापीठांना ती सवलत नाही. हॉस्टेल-मेस दोन्हीकडं तुमचंच. प्लेसमेंट विचाराल तेव्हा सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नका, मधल्या मुलाला किती मिळालं ते विचारा.

वाईची विद्यार्थिनी: सर, सीयूईटी परीक्षेतून दिल्लीत एसआरसीसीला (श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स) इकॉनॉमिक्स ऑनर्स मिळतंय आणि पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटला बीएस्सी इकॉनॉमिक्स. मला गावातल्या शेतीचा, बाजाराचा अभ्यास करायचाय. मी मराठी माध्यमाची, जरा बुजरी आहे. दिल्लीचं सगळे फार सांगतात.

सांगतात ते खरंच आहे बाळा, १९२६ चं कॉलेज, देशभरातली हुशार पोरं एका वर्गात, वादविवाद, सोसायट्या, कंपन्या कॅम्पसमध्ये येतात. काहींना तिथं पंख फुटतात. बुजऱ्या मुलींनाही फुटतात, मी बघितलंय, म्हणून 'बुजरी आहे' एवढ्या कारणानं दिल्ली सोडू नको.

पण तुला जे करायचंय ते बघ. गोखले इन्स्टिट्यूट १९३० ची, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. आणि तुला हे माहीत नसेल, ह्याच संस्थेनं १९४० च्या आसपास तुझ्याच वाई तालुक्यातल्या शेतीच्या धंद्याची पाहणी केली होती, शेतकऱ्यांचा खर्च किती, उत्पन्न किती. तुझ्या पणजोबांच्या काळातली वाई तिथल्या लायब्ररीत आहे. ज्या मुलीला गावचा बाजार समजून घ्यायचाय, तिला ह्याहून जवळची जागा मला सांगता येत नाही. मास्टर्सला दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा दरवाजा नंतरही उघडाच आहे, तेव्हा गोवा एक्सप्रेसनं जा, वीस-एकवीस वर्षांची होऊन.

दोन्हीकडं गणित भरपूर आहे हं, त्यातून सुटका कुठंच नाही.

कराडची इंजिनिअर: जर्मनीतल्या म्युनिक आणि आखेन, दोन्हीकडून मेकॅनिकलच्या मास्टर्सचं ॲडमिशन आलंय. म्युनिकचं नाव मोठं आहे. ठरवता येत नाही, उत्तर द्यायला दहा दिवस आहेत.

टीयू म्युनिकनं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, मास्टर्सला कोर्सप्रमाणे सत्राला ४००० ते ६००० युरो. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाला तशी फी नाही, फक्त सत्राचं थोडं शुल्क. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दोन्हीकडं दाखवायचेच, पण म्युनिकमध्ये खोलीचं भाडं जर्मनीत सगळ्यात महाग असतं, तेवढ्यात भागवणं अवघड जाईल. म्युनिकला फीमाफी आणि शिष्यवृत्तीची सोय आहे, ईमेल करून तुला मिळण्यासारखी आहे का ते आजच विचार.

मेकॅनिकलच्या नावात दोघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. मग बघायचं काय? दोन्हीकडचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, डाऊनलोड कर, थिसिससाठी ज्यांच्याकडं जावंसं वाटेल असे प्रोफेसर दोन्हीकडं किती सापडतात ते मोज. म्युनिकला मेकॅनिकल शहराबाहेर गार्शिंगला आहे, मेट्रोनं रोज ये-जा. आखेन लहान, नेदरलँड्स-बेल्जियमच्या सीमेवरचं, विद्यार्थ्यांनी भरलेलं गाव. कराडसारख्या गावातून जाणाऱ्या मुलीला तिथं पहिला हिवाळा सोपा जातो असं मला दोघीतिघींनी सांगितलंय, पण तुला मोठं शहर, विमानतळ, बीएमडब्ल्यूचं ऑफिस जवळ हवं असेल तर तेही कारण खरंच आहे, त्यात लाजायचं काही नाही.

कुठंही गेलीस तरी जर्मन आत्तापासून सुरू कर, कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी आणि घरमालक जर्मनमध्येच बोलतात. मला विचारशील तर फीमाफीचं उत्तर 'नाही' आलं तर आखेन, 'हो' आलं तर हँडबुकमध्ये ज्याचे विषय जास्त आवडले ते. दहा दिवसातले दोन त्यालाच दे आणि त्या दोन दिवसात घरी कुणाशी ह्या विषयावर बोलू नको.