शहराचा डीपी बदलणार म्हणतात, आपण काय लिहून द्यायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नागपुरात मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये १८ वर्षांपासून राहतो. आमच्या कोपऱ्यावर एक मोकळी जागा आहे, पोरं तिथंच क्रिकेट खेळतात आणि पावसाळ्यात अख्ख्या गल्लीचं पाणी आधी तिथं थांबतं, मग नाल्यात जातं. आता नवीन डीपी, म्हणजे कुठली जागा कशासाठी ते ठरवणारा शहराचा विकास आराखडा, येणार म्हणून सगळे बोलून राहिले, लोकांच्या सूचना घेतात म्हणे. आमचे हे म्हणतात की सगळं वरच ठरलेलं असतं, आपल्या कागदाले कोण विचारते. खरंच काही उपयोग नाही का? आणि द्यायचंच तर काय लिहायचं?

उत्तर: उपयोग होतो, आणि हे मी मन राखायला म्हणत नाहीये. मुंबईचा डीपीचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत आला, लोकांनी वॉर्डावॉर्डात बसून त्यातल्या चुका काढल्या, ६५ हजारांच्या आसपास सूचना-हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगावं लागलं. त्यामुळे यजमानांना सांगा की कागद वाचला जातो. फक्त तो कागद वाचण्यासारखा पाहिजे.

आपल्या शहराचा मागचा सुधारित आराखडा ७ जानेवारी २००० ला मंजूर झाला, म्हणजे मेट्रो नव्हती, मिहान (विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प) नव्हतं, तुमच्या भागात निम्मी घरंही नसतील तेव्हाचा. १९६६ च्या नगररचना कायद्यात २० वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारायला सांगितलंय, म्हणून हा विषय निघालाय. आणि बहुतेक लोक इथंच चुकतात, त्यांना वाटतं मसुदा छापून आला की मग हरकत घ्यायची. पण त्याच्याही आधी एक टप्पा असतो, आज कुठल्या जागेचा काय वापर चालू आहे त्याचा नकाशा करतात, त्याला विद्यमान जमीन वापर नकाशा म्हणतात. तुमची ती कोपऱ्यावरची जागा त्यात नुसती 'रिकामी' म्हणून गेली तर पुढं सगळ्यांच्या लेखी ती रिकामीच, मग तिथं काहीही टाकायला मोकळीक. पोरं खेळतात, पाणी थांबतं हे नकाशाला आपोआप थोडंच कळणार, ते तुम्हीच सांगायला पाहिजे. म्हणून त्या टप्प्यावर एक पत्र आणि मसुदा आल्यावर दुसरं, अशी दोन पत्रं द्या.

आता काय लिहायचं. काही वर्षांपूर्वी एका सुनावणीला मी आमच्या कॉलनीतल्या लोकांसोबत गेले होते, आम्ही ४० जणांनी एकाच मजकुराचे झेरॉक्स दिले होते, साहेबांनी ते एकत्र टाचून एकच मुद्दा म्हणून नोंदवले आणि पुढचं नाव पुकारलं. आमच्यानंतर एक आजी होत्या, त्यांच्याकडं एकच पान. वर मौजा (महसुली गाव) आणि खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे क्रमांक), खाली घराच्या भिंतीचा फोटो, भिंतीवर पाणी जिथवर चढलं तिथं त्यांनी कोळशानं रेघ ओढून शेजारी तारीख लिहिलेली. त्यांना तीन प्रश्न विचारले, नकाशा उलगडून नाला कुठून येतो ते बोटानं दाखवायला लावलं. मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगते बाप्पा, मौजा आणि खसरा नंबर लिहा, जागेचा फोटो लावा, आणि मागणी एकच ठेवा. 'आमच्या भागाचा विकास व्हावा' याचं कोणी काही करू शकत नाही, पण 'या खसऱ्यातली ही जागा खेळाचं मैदान म्हणून दाखवा आणि नाल्याची वाट जशी आहे तशी ठेवा' यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

पाण्याचं तर नक्की लिहा. २३ सप्टेंबर २०२३ ला एका रात्रीत १०० मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या घरात पाणी घुसलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाणी आपल्या जुन्याच वाटेनं जातं, आणि ती वाट तिथं राहणाऱ्यांना जितकी माहीत असते तितकी दुसऱ्या कोणाला नसते.

मुदत नोटिशीत छापलेली असते, ती राजपत्रात आणि पेपरात येते, तिच्यावर लक्ष ठेवा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका. नंतर सुनावणी नियोजन समितीसमोर होते, कायद्याप्रमाणे तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे ३ सदस्य आणि सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त ४ जाणकार असतात, तिथं स्वतः जा आणि शक्य असेल तर शेजारच्या दोघी-तिघींना सोबत न्या. क्रिकेट खेळणारा एखादा पोरगा आला तर अजूनच चांगलं, त्याला ती जागा इंच न इंच माहीत असते.

प्रश्न: माझ्या प्लॉटवर जुन्या डीपीत बगीच्याचं आरक्षण आहे, इतक्या वर्षांत कोणी घेतलंही नाही आणि बांधूही देत नाहीत. नवीन डीपीत ते निघेल का?

उत्तर: आपोआप निघत नाही दादा, मागावं लागतं. आधी नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला (आराखड्यात तुमच्या प्लॉटवर काय दाखवलंय त्याचे कागद) काढा, कारण कितीतरी लोक ऐकीव आरक्षणावर वर्षानुवर्षं काळजी करत बसतात आणि नकाशात रेघ शेजारून गेलेली असते. आरक्षण खरंच असेल तर सुधारणेच्या वेळी हरकत द्याच, आणि दुसरा रस्ता त्याच नगररचना कायद्याच्या कलम १२७ चा आहे, आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली, जागा घेतली नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नोटीस वकिलाकडूनच लिहून घ्या, मालकीचे कागद सोबत लागतात, तिथं अर्धवटपणा चालत नाही.

तुमचा वैताग मला कळतो, २० वर्षं स्वतःच्या जागेकडं नुसतं बघत राहणं सोपं नाही. पण हरकत लिहिताना बगीचा कुठं हलवता येईल तेही सुचवा, आसपास एखादी सरकारी पडीक जागा असेल तर तिचा खसरा नंबर द्या. वस्तीला बगीचाही मिळेल आणि 'एका माणसाच्या फायद्यासाठी आरक्षण काढलं' असं तुमच्याबद्दल कोणी म्हणू शकणार नाही.