आजोबांचा जुना पितळी कॉर्नेट काळा पडलाय, चमक कशी आणू?

तुम्ही विचारलंय की माळ्यावर सापडलेला कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं बँडमधलं फुंकायचं वाद्य, संग्रहालयातल्या वाद्यांसारखा काळपट झालाय, काय लावून घासू? काहीही लावू नका.

आमचे आजोबा जुन्या नाशकात एका बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. लग्नसराईत घरी नसायचेच, पण कामदा एकादशीला, नाशकातल्या रामाच्या रथाच्या दिवशी, सुपारी घ्यायचे नाहीत. ते गेल्यावर कॉर्नेट त्यांच्याच धोतरात गुंडाळलेला होता. बहिणीच्या लग्नाआधी काकांनी तो काढून रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवला. सकाळी भोंगा गुलाबी! आंबटाने वरचं जस्त खाल्लं, तांबं उघडं पडलं. मग तांबट आळीत नेला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी पत्र्यावर बोट फिरवून सांगितलं, "पातळ झालाय, बफिंगला देऊ नका." काकांनी मशीनवर घासून चकाकवायला दिलाच. लंडनच्या बेसन (Besson) या वाद्य बनवणाऱ्या कंपनीची कोरीव अक्षरं पुसट झाली आणि मधल्या पिस्टनच्या, म्हणजे बोटाने दाबायच्या खटक्याच्या, नळीवरचा नंबर पार गेला. त्या नंबरावरून वाद्याचं साल काढता येतं. आजोबांनी तो नवा घेतला होता की कुणाचा जुना, हे आता कधीच कळणार नाही. काका अजून म्हणतात, "सोन्यासारखा केला की!"

संग्रहालयवाले उगाच घासत नाहीत ते यामुळेच. तो काळा थर म्हणजे मळ नाही, पितळच बदललेलं असतं, आणि प्रत्येक घासणीत थोडं पितळ जातं. समई जाड, ओतीव, ती सोसते. कॉर्नेटचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर.

कोरडं सुती फडकं पुरे. घामेजल्या हातांनी धरू नका. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच. इंग्रजांच्या फौजेत तबेल्याजवळ ठेवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात घोड्यांच्या मुतातल्या याच अमोनियाने तडे जायचे. न घासताच लालसर ठिपके दिसत असतील तर पितळ आतून सडतंय, वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

हां, कॉर्नेट अलीकडचा असेल आणि तुम्हाला वाजवायचाच असेल, तर पिस्टन काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पिस्टनला तेल द्या, हलकं पॉलिशही चालेल. पण आधी अक्षरांचे, नंबराचे फोटो काढा आणि घरातल्या मोठ्यांना स्पष्ट सांगा. तांबट आळीत मी काकांच्या शेजारीच उभा होतो. त्या म्हाताऱ्या कारागिरांचं म्हणणं मला पटलं होतं, आणि मी गप्प बसलो.